पोरीचे केस आणि पोरीचे हात

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. उन्हाचा कडाका पाहता उमरखेडला एवढी उसंत लागतेच. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात गणवेश, वह्या, दप्तर यांच्या जोडीला घराघरात आणखी एक विषय निघतो: पहिली-दुसरीत जाणाऱ्या लेकरांचे केस किती ठेवायचे? मुलाचा निकाल लवकर लागतो. बापाबरोबर कटिंगच्या दुकानात पाठवलं की काम झालं. मुलीचा प्रश्न मात्र घरातल्या दोन बायकांमध्ये अडकतो. इथे तो एका आजीच्या आणि तिच्या सुनेच्या तोंडून मांडला आहे. या दोघी अमुक एका घरातल्या नाहीत; ढाणकीत, मुळाव्यात, विडूळमध्ये, उमरखेडच्या कुठल्याही गल्लीत त्या भेटतील. दोघींचंही म्हणणं नीट ऐकून घ्यावं असं आहे. पण माझं मत आधीच सांगितलेलं बरं. प्राथमिक शाळेतल्या मुलाचे असोत की मुलीचे, केस तेवढेच लांब असावेत जेवढे ते लेकरू आपल्या हातांनी धुऊ, पुसू आणि विंचरू शकेल. सहा-सात वर्षांच्या वयात याचा अर्थ बहुतेक वेळा आखूड केस असाच होतो.

आजी सुरुवातच अशी करते: "केस कापून पोरीचं पोरगं कायले करतं बाई? दोन वेण्या, लाल रिबिनी, किती साजरी दिसते ते. लोकं काय म्हणतीन?" सून म्हणते, "आई, लोकांचं राहू द्या. मागच्या वर्षी तीनदा उवा झाल्या तिला. केस कापले की उवांचा प्रश्नच मिटला." वाद इथूनच सुरू होतो, आणि इथेच मला सुनेला थांबवावंसं वाटतं. तिची बाजू बरोबर आहे, तिचं पहिलं कारण मात्र कच्चं आहे. कच्च्या कारणावर उभी राहिलेली बरोबर गोष्ट लवकर पडते. केस कापूनही महिन्याभरात उवा झाल्या, की आजी म्हणणार, "सांगितलं होतं ना!" आणि ते तिनं म्हणणं रास्तच ठरेल.

उवेचं जगणं समजून घेतलं तर हे लक्षात येतं. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती चालते, आणि एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते ती मुख्यतः डोक्याला डोकं लागल्यावर. एका बाकावर तिघी दाटीवाटीनं बसतात, एका पुस्तकात दोघी वाकतात, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात शेजारी शेजारी अंथरुणं पडतात. उवेला एवढी वाट पुरते. मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि ती केसाच्या मुळाशी, टाळूपासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या आत चिकटवते. म्हणजे कमरेपर्यंतची वेणी खांद्यापर्यंत आणली तरी लिखा जिथल्या तिथेच राहतात, कारण त्या वेणीच्या शेंड्याला नसतातच. आठ-नऊ दिवसांत लिख फुटते, पुढच्या नऊ ते बारा दिवसांत ऊ वयात येते, आणि माणसाच्या डोक्यावर ती महिनाभर जगू शकते. डोक्यावरून खाली पडली की दोनेक दिवसांत मरते. या हिशेबात केसांच्या लांबीला पहिलं स्थान नाही. स्वच्छतेलाही नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही उवा होतात, आणि डोक्यातली ऊ दुसरा कुठला आजारही पसरवत नाही. त्यामुळे उवा झालेल्या पोरीला वर्गात वेगळं बसवणं किंवा घरी पाठवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग आखूड केसांचा उपयोग काय? उपयोग आहे, तो उवा झाल्यानंतरचा. आखूड केसांत लिखा चटकन दिसतात, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता जाते, औषध टाळूपर्यंत पोचतं, आणि ते कमीही लागतं. ओल्या केसांतून दर दोन-तीन दिवसांनी, असं दोन ते तीन आठवडे फणी फिरवणं हा उवांवरचा जुना आणि अजूनही खरा उपाय. लांब, गुंतलेल्या केसांत तो दुसऱ्याच दिवशी सुटतो, कारण पोरगी रडते आणि आईला कामावर जायचं असतं. औषध लावलं तरी सुमारे नऊ दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. पहिल्या वेळी वाचलेल्या लिखा तोवर फुटलेल्या असतात. हे काम शाळेतल्या सरकारी तपासणीवरही सोडता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक शाळेत येऊन मुलांना तपासतं, खरूज आणि बुरशीसारखे त्वचेचे विकारही पाहतं. पण शाळेतली ही तपासणी वर्षातून एकदा ठरलेली, आणि उवेची पिढी तीन आठवड्यांत तयार होते. डोकं पाहण्याचं काम शेवटी घरातच करावं लागतं, आणि जे नीट पाहता येतं तेच नीट होतं.

याच जागी एक गोष्ट जरा कठोरपणे सांगायला हवी. उवांनी वैतागलेल्या घरात पोरीच्या डोक्यावर रॉकेल चोळलं जातं, आणि कधी कपाशीच्या फवारणीतून उरलेलं औषधही. रॉकेल पेट घेतं, टाळूची आग करतं, पोटात गेलं तर जिवावर बेततं. आणि फवारणीचं औषध काय करतं हे यवतमाळ जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धडधाकट माणसांना जे सोसलं नाही ते सात वर्षांच्या टाळूवर, खाजवून खाजवून सोललेल्या कातडीवर घालायचं? आखूड केसांच्या बाजूनं माझ्याकडे एकच कारण असतं, तर मी हे पुढे केलं असतं: फणीनं काम होतं असं दिसलं की घर बाटलीकडे वळत नाही.

आजी हुशार आहे. ती लगेच दुसरं टोक धरते. "एवढंच हाय तर टक्कल करून टाका एकदाचं. जावळ काढलं व्हतं तेव्हा कसे दाट आले केस! पुन्हा दाट येतीन." टकलानं केस दाट येतात ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती सहज सुटत नाही. जावळ म्हणजे बाळाचे मऊ, विरळ केस. वाढत्या वयाबरोबर त्यांची जागा जाड केस घेतातच, वस्तरा फिरवला तरी आणि न फिरवला तरी. वस्तऱ्यानं कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला तो खरखरीत, जाड लागतो. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं आणि वस्तरा तिथवर जात नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे मोजून पाहिलं होतं; पुन्हा पुन्हा दाढी करूनही केसांची जाडी किंवा वाढ बदलली नाही. जावळ काढायचं ते श्रद्धेनं खुशाल काढावं, मुस्लिम घरात अकीकाही करावा. शाळकरी मुलीला मात्र दाट केसांच्या आशेनं बोडकं करू नये.

टकलाला माझा विरोध आणखी दोन कारणांनी आहे. केस हे डोक्यावरचं छप्पर आहे, आणि जिथे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो तिथे ते काढून लेकराला उन्हात धाडणं शहाणपणाचं नाही. दुसरं कारण वस्तऱ्याचं आणि मशीनचं. टाळूवरचा नायटा लहान मुलांनाच अधिक होतो आणि तो न उकळलेल्या फणीतून, न पुसलेल्या मशीनमधून एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातो. वस्तऱ्याचं पातं बदललं नाही तर रक्तातून पसरणाऱ्या आजारांचीही भीती असते. म्हणून मुलासाठीसुद्धा 'झिरो मशीन' हा सरसकट उपाय मला पटत नाही. कटिंगवाल्या दादांना आधी मशीन पुसायला सांगावं आणि मग तीन किंवा चार नंबरची फणी लावायला सांगावं. तीन नंबरला साधारण एक सेंटिमीटर आणि चारला सव्वा सेंटिमीटर केस राहतात. टाळू झाकलेली राहते, घाम लवकर सुकतो, कंगवा लागतही नाही. मुलांच्या कटिंगबद्दल याहून अधिक बोलण्यासारखं नाही.

मुलीकडे परत येऊ. आजीचं पुढचं म्हणणं असं, की वेणी घट्ट घातली, वर तेल चोपडलं, की दिवसभर केसांकडे पाहावं लागत नाही. आणि घट्ट वेणीनं केस वाढतात. पहिला भाग खरा आहे. दोन घट्ट वेण्यांची पोरगी संध्याकाळी शाळेतून आली तरी नीटनेटकी असते, आणि केस बांधलेले असले की डोक्याला डोकं लागलं तरी मोकळे केस एकमेकींत गुंतत नाहीत. बॉबकट केलेली पोरगी दुपारपर्यंत विस्कटलेली दिसते, हे सुनेनं मान्य करावं. पण दुसरा भाग उलटा आहे. रोज ओढून बांधलेल्या वेणीनं कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस मुळातून सैल होतात, तिथली रेषा मागे सरकते. त्वचेच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे, आणि वर्षानुवर्षं चालला तर तिथले केस परत येत नाहीत. पावसाळ्यात त्यात ओलीची भर पडते. सकाळी न्हाऊन ओल्या केसांची वेणी घालून मुलगी शाळेत जाते, वाटेत पुन्हा भिजते, आणि संध्याकाळी वेणी सोडली की आतले पेड अजून ओलेच असतात. वास येतो, खाज सुटते. हनुवटीपर्यंतचे केस टॉवेलनं पुसले की थोड्या वेळात वाळतात. पाणीही कमी लागतं, आणि नळाची वाट पाहणाऱ्या घरात तेवढं पाणी मोजलं जातं.

आजी आता जरा गप्प होते आणि मग खरं बोलते. "बाईच्या जातीले केस पाहिजे. भुंडं डोस्कं मले पाहवत नाही." हा आक्षेप उवांच्या हिशेबानं सुटत नाही. त्याला आदरानंच उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागे आपल्या समाजाची एक जुनी जखम आहे. महाराष्ट्रात अनेक पिढ्या बाईच्या कापलेल्या केसांचा अर्थ एकच होता. अनेक उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की तिचे केस जात. कधी ती स्वतः दहा-बारा वर्षांची पोर असे. १८९० साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळी एकत्र आली आणि आपण विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून उगवलेली ती गोष्ट महाराष्ट्रानं अभिमानानं आठवावी अशी आहे. आजीच्या आजीनं ते दिवस पाहिले असतील. आखूड केस पाहून तिच्या पोटात जो गोळा येतो तो तिथून आलेला आहे. पण मला त्या न्हाव्यांच्या निर्णयातून वेगळं काही दिसतं. त्या प्रथेतली क्रूरता केस आखूड होण्यात नव्हती. बाईच्या केसांबद्दल दुसऱ्यांनी ठरवावं आणि तिनं मान खाली घालून बसावं, यात ती होती. सात वर्षांच्या मुलीचे केस तिला झेपतील एवढे करणं म्हणजे तिचं डोकं तिच्या ताब्यात देणं आहे. केशवपनाशी त्याचं नातं असेलच तर ते विरोधाचं आहे.

आणि केसांची ठेवण बदलणं काही आपल्याकडे परकं नाही. १९६० साली 'लव्ह इन सिमला' हा सिनेमा आला आणि त्यातल्या साधनाच्या कपाळावरच्या झुलपांनी 'साधना कट' गावोगावी नेला. आज आजी असलेल्या पिढीनं किंवा तिच्या थोरल्या बहिणींनी तो हौसेनं केला. तेव्हाही कुणाची तरी सासू रागावली असणारच. (झुलपांबद्दल जाता जाता: लहान मुलीला ती भुवयांच्या वरच हवीत. डोळ्यांवर येणारे केस ती दिवसभर हातानं सारत बसते आणि फळ्याकडे तिरपी मान करून पाहते.) लग्नाच्या वेळी केस लांब हवेत हा आजीचा राखून ठेवलेला मुद्दा तर साध्या हिशेबानं निकालात निघतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला पंधरा. चौथी-पाचवीत गेल्यावर मुलीला वाटलं की आता वाढवावेत, तर तीन-चार वर्षांत कानाच्या पाळीपासून कमरेपर्यंत पोचतील. तोवर तिला स्वतःची वेणी स्वतः घालता येईल.

माझ्या मापाला अपवाद आहेत. उमरखेडहून हदगावमार्गे नांदेडला गेलं की हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. शीख घरातल्या लेकराचे केस हा श्रद्धेचा भाग आहे, तिथे कात्रीचा प्रश्न येत नाही. पटका किंवा जुडा बांधून देणारे मोठे हात त्या घरात असतात आणि शाळेनं त्याचा मान ठेवायला हवा. दुसरा अपवाद स्वतः मुलीचा. ती वेणीसाठी हट्ट धरून रडत असेल, तर दांडगाईनं केस कापणं हे मी वर जे म्हटलं त्याच्याच विरुद्ध जाईल. मग खांद्यापर्यंत ठेवावेत, एका रबरात तिला बांधता येतील एवढे. आणि हेच शाळांना आणि वसतिगृहांनाही लागू आहे. सोय म्हणून ओळीनं बसवून सगळ्या पोरींचे केस छाटणं, किंवा शिस्त म्हणून वर्गात एखाद्या पोराच्या केसांना कात्री लावणं, ही सोय नव्हे आणि शिस्तही नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. भर वर्गात केस कापले गेलेलं मूल कुठल्या अवस्थेत घरी जात असेल, याची कल्पना करायला कायदा वाचावा लागत नाही.

आजीकडे एक व्यवहारी आक्षेपही आहे, आणि तो आखूड केसांच्या समर्थकांनी आजवर टाळलेला आहे: "वेणीले पैसा लागत नाही. बॉबकट केला का दर दीड महिन्यानं कापाव लागते. पोरीले का मग कटिंगच्या दुकानात बसवू माणसाईत?" बरोबर आहे. तालुक्याच्या गावात सलून हे पुरुषांचं ठिकाण असतं आणि ब्युटी पार्लर महाग पडतं. आखूड केस आखूड ठेवायला वर्षातून सात-आठ वेळा कात्री लागते. यावर माझं उत्तर घरच्या कात्रीचं आहे. लहान मुलीला पायऱ्यापायऱ्यांचा, फॅशनचा कट लागत नाही. केस ओले करायचे, सरळ खाली विंचरायचे, हनुवटीच्या रेषेत एक सरळ काप द्यायचा. ओले केस वाळल्यावर थोडे वर जातात म्हणून बोटभर लांबच कापायचे. पहिली एकदोनदा रेष वाकडी येईल. सात वर्षांच्या मुलीला त्याचं काही वाटत नाही, आपण वाटायला लावलं नाही तर. केस कुरळे असतील तर सरळ काप फुलून तंबूसारखा दिसतो. तिथे एकदा पार्लरवालीकडून नीट आकार करून घ्यावा आणि मग तोच आकार घरी राखावा.

सगळ्यात जड आक्षेप मात्र आजी घेत नाही. तो मीच घ्यायला हवा. सून म्हणते, "सकाळी डबा, पाणी, म्हाताऱ्यांचं औषध, आणि वर वीस मिनिटं वेण्या. माझ्यानं होत नाही, आई." ही तक्रार खरी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. पण मग कुणी विचारेल, की वेळ आईचा जातो म्हणून केस मुलीचे का कापायचे? बापानं वेणी घालायला शिकावं. हातमागावर, दोरीवर, बैलाच्या वेसणीवर ज्याचे हात चालतात त्याला तीन पेड जमणार नाहीत असं नाही. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. केस आखूड केले आणि घरातली वाटणी तशीच राहिली, तर आईची वीस मिनिटं दुसऱ्या कुठल्या तरी कामात जातील. बापानं शिकावंच, रविवारी फणी घेऊन उजेडात पोरीचं डोकं पाहणं हे तर आजपासूनच त्याचं काम असावं. तरीही माझं माप बदलत नाही, कारण ते आईच्या वेळेवर बेतलेलं नाही आणि बापाच्या कसबावरही नाही. वेणी आईनं घातली काय नि बापानं घातली काय, पोरगी पाठ करून बसलेलीच राहते. सहा-सात वर्षांची मुलगी दात घासते, बूट घालते, दप्तर भरते. पाठीमागे हात नेऊन केसांचे तीन भाग सारखे ओढणं तिला अजून जमत नाही. हनुवटीपर्यंतचे केस तिला जमतात.

म्हणून कात्री शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी लावू नये. दोन आठवडे आधी, सुट्टीतच लावावी, म्हणजे नवे केस घेऊन वर्गात जाण्याआधी तिला त्यांची सवय होते आणि मधल्या दिवसांत फणीचे चार-पाच हात फिरून डोकंही साफ होतं. आरसा भिंतीवर तिच्या उंचीला खाली आणावा, कंगवा तिचा वेगळा असावा, आणि भांग कुठल्या बाजूला पाडायचा ते आजीनं तिला विचारावं.